उमेदवार बाहेरून आणण्याआधी: मध्यवर्ती समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस व सर्व सदस्य,
मध्यवर्ती महाराष्ट्र एकीकरण समिती, बेळगाव

सप्रेम जय महाराष्ट्र.

मी वडगावची. समितीत मी कधी पद घेतलं नाही, पण १९८९ पासून प्रत्येक निवडणुकीला आमच्या शाळेबाहेरच्या टेबलावर मतदार यादी घेऊन बसते. त्याच वर्षी लग्न होऊन मी या गल्लीत आले होते. सासऱ्यांनी यादी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं हाय, चिठ्ठ्या तू लिही." तेव्हापासून लिहिते आहे. कोण कुठे राहायला गेलं, कुणाचं नाव यादीतून गळलं, कुठल्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच यादीत आहे, हे मला तोंडपाठ असतं. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करते.

गेल्या काही आठवड्यांत एकच वाक्य मी सारखं ऐकते आहे. परवा मंगाईच्या देवळासमोर एक मामा म्हणाले, "या खेपेला कुणीतरी मोठा आणायला पाहिजे बघा, आपल्यातल्यांनी होत नाही." मोठा म्हणजे कोण, असं विचारलं, तर ज्याच्या मागे पोरं आहेत, जो स्टेजवर चढला की शिट्ट्या पडतात, असा. तो समितीत वाढलेला असलाच पाहिजे, असं त्यांना वाटत नव्हतं. सीमाप्रश्नावर, म्हणजे कर्नाटकातला मराठी भाग महाराष्ट्रात यावा या लढ्यात, त्याने आजवर काय केलं, हे त्यांनी विचारलंही नाही. मामांना मी दोष देत नाही. कर्नाटक विधानसभेत समितीचे आमदार २००८ ला शून्य, २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. मधे २०१३ ला बेळगाव दक्षिणेतून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून आले, तेवढाच काय तो उजेड. इतक्या वेळा हरलेला माणूस कुणीतरी येईल आणि आपल्याला वर काढेल अशी वाट बघणारच. पण २०२८ च्या विधानसभेला असा माणूस शोधायचं जर तुमच्याही मनात असेल, तर माझं म्हणणं आत्ताच ऐका. अर्ज भरायच्या आठवड्यात ऐकून उपयोग होत नाही.

१३ मे २०२३ चा दिवस आठवा. मी टिळकवाडीत आरपीडी कॉलेजच्या बाहेर उन्हात उभी होते. दक्षिणेत आपले उमेदवार रमाकांत कोंडुस्कर होते. ते समितीत वाढलेले नव्हते, श्रीराम सेना हिंदुस्थान या संघटनेतून आले होते, आणि पोरांचा मोठा जमाव त्यांच्याबरोबर आला होता. अनगोळ, वडगाव, शहापूर, खासबाग, सगळीकडे भगवे रुमाल दिसत होते. समितीच्या सभेला इतकी तरुण गर्दी मी कित्येक वर्षांनी बघितली होती आणि खरं सांगते, मला रडू आलं होतं. निकाल लागला तेव्हा भाजपचे अभय पाटील ७७,०९४ आणि कोंडुस्कर ६४,७८६. फरक १२,३०८. आम्ही हरलो होतो, तरी घरी येताना बायका म्हणत होत्या, "एवढ्या जवळ कधी आलो होतो गं?"

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी वही काढली. २०१८ चे आकडे त्यात लिहून ठेवले होते. तेव्हा भाजपला दक्षिणेत ८४,४९८ मतं होती आणि दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेस होती, २५,८०६ वर. त्या वर्षी समितीचे दोन गट झाले होते, दोघांनी दोन उमेदवार उभे केले आणि दोघेही मागे पडले. भाजप ५८,६९२ मतांनी जिंकला. म्हणजे २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत भाजपची आघाडी ५८ हजारांवरून १२ हजारांवर आली. सगळ्यांनी हाच आकडा धरला आणि नव्या चेहऱ्याची कमाल म्हणून सांगितला. मी मात्र दुसऱ्या आकड्यापाशी अडले. भाजपची स्वतःची मतं किती कमी झाली? ८४,४९८ वरून ७७,०९४. साडेसात हजारसुद्धा नाहीत.

यावर जरा थांबा, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे. चेहऱ्यामुळे भाजपचा मतदार फुटला असं आपण धरून चाललो आहोत. तो फारसा फुटलेला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे झालं ते असं, की २०१८ ला दोन गटांत विखुरलेली आपली मतं पुन्हा एका ठिकाणी आली. काँग्रेसला दक्षिणेत काही आशा नाही असं बघून तिकडचीही बरीच आपल्याकडे वळली. पहिल्यांदा मत देणारी पोरं आली. जे भाजपला देणारच नव्हते ते सगळे एका माणसामागे उभे राहिले. हे काम मोठंच आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्यातला किती वाटा चेहऱ्याचा आणि किती वाटा एकच उमेदवार असण्याचा, हे आपण कधी बसून तपासलं आहे का? त्याच वर्षी बेळगाव ग्रामीणमध्ये आर. एम. चौगुले आपले उमेदवार होते. बाहेरचे नव्हते, शिट्ट्या मारणारा जमाव नव्हता. ते तिसरे आले, पण ४० हजारांवर मतं घेतली, आणि तीही काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर लाखावर मतं घेत असताना. उचगाव, हिंडलगा, कंग्राळी भागातल्या कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून आणलेली ती मतं आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना कुणी 'कमाल' हा शब्द वापरला नाही.

आणि उरलेले १२,३०८? तेवढा फरक मिटवायला भाजपची ६,१५५ माणसं आपल्याकडे यायला हवी होती. मतदान केंद्रांवर वाटून टाकली तर एकेका केंद्रामागे जेमतेम पंचवीस-तीस जण. ही पंचवीस माणसं स्टेजवरच्या भाषणाने येत नाहीत. ती कुठल्या गल्लीत राहतात, त्यांचं आपल्याशी काय बिनसलं, त्यांच्या घरी कुणी जायचं, हे माहीत असणारं कुणीतरी लागतं. बाहेरून आलेल्या माणसाला ते माहीत नसतं. त्याची चूक नाही, त्याला ते माहीत असण्याचं कारणच नाही. ते गल्लीला माहीत असतं, आणि आपली गल्लीतली कमिटी कित्येक ठिकाणी नुसती नावापुरती उरली आहे.

मोठ्या चेहऱ्याची ओढ का लागते, तेही मला कळतं. आपण कायद्याच्या लेखी पक्ष नाही. आपला उमेदवार अपक्ष. राष्ट्रीय पक्षाच्या अर्जावर एका सूचकाची सही पुरते, आपल्याला दहा लागतात. चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. २०२३ ला माघार २४ एप्रिलला संपली आणि मतदान १० मेला झालं. प्रचाराचे शेवटचे ४८ तास वजा केले तर चौदा दिवस. तेवढ्यात कमळ आणि हात जन्मापासून ओळखणाऱ्या म्हातारीला आपलं नवं चिन्ह शिकवायचं. त्यात दक्षिणेत एक चिन्ह आणि खानापुरात दुसरं असंही होऊ शकतं, मग एकीकडचा प्रचार दुसरीकडे उपयोगी पडत नाही. २०१५ पासून मतदानयंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो. ओळखीचा चेहरा असेल तर चिन्ह शिकवायचं कष्ट निम्मे होतात, हा माझा टेबलावरचा अनुभव आहे. म्हणून चेहरा हवासा वाटतो. ज्याच्याकडे कायमचं चिन्ह नाही, त्याला माणसालाच चिन्ह करावं लागतं. पण तो माणूस उद्या दुसरीकडे गेला तर आपलं चिन्हच दुसऱ्याच्या घरी जातं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थोडा अडखळतो. कारण माझ्या घरातच यावर एकमत नाही.

दक्षिणेत आपल्यातली माणसं भाजपकडे गेली ती कानडी व्हायला गेली नाहीत. घरात मराठीच बोलतात, शिवजयंतीला चित्ररथ काढतात, १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करायलाही येतात. ती गेली हिंदुत्वासाठी. माझा थोरला पुतण्या त्यातलाच. तो म्हणायचा, "काकू, लोकसभेला, विधानसभेला धर्म बघायचा आणि १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाला भाषा." २०२३ ला तो आपल्याकडे आला. समितीला त्याचं पटलं म्हणून आला नाही. आपल्या उमेदवाराच्या गळ्यातही त्याला पाहिजे तो रुमाल होता म्हणून आला. २०२४ ला लोकसभेच्या वेळी तो परत गेला. त्याला मी विचारलं, तर म्हणाला, "तेव्हा माणूस आमचा होता."

"माणूस आमचा होता." हे वाक्य तुम्ही सर्वांनी बैठकीत मोठ्याने वाचून बघा. मत समितीला पडलं नव्हतं, माणसाला पडलं होतं, आणि माणूस यंत्रावर नव्हता तेव्हा मतही नव्हतं.

हिंदुत्वाच्या मैदानात आपण भाजपशी कुस्ती धरली तर लाल माती त्यांची, पंच त्यांचे. राजहंसगडावर महाराजांचा पुतळा उभा राहिला तेव्हा काय झालं? २ मार्च २०२३ ला मुख्यमंत्री बोम्मईंनी त्याचं अनावरण केलं आणि ५ मार्चला काँग्रेसने पुन्हा सोहळा केला. ज्या महाराजांच्या नावाने आपण आयुष्यभर घोषणा दिल्या, त्यांच्या पुतळ्यासाठी दोन राष्ट्रीय पक्ष भांडत होते, आणि आपण गडाच्या पायथ्याशी बघत होतो. भगवा, शिवाजी महाराज, जयघोष यावर आपला एकट्याचा हक्क आता राहिलेला नाही. आपल्या एकट्याचं जे आहे ते भाषा आणि तिच्यासाठी सोसलेलं. १९५६ च्या १७ जानेवारीचा गोळीबार, १९५८ चा सत्याग्रह, १९८६ च्या १ जूनला कन्नडसक्तीविरुद्ध गेलेले नऊ जीव, २०१४ ला येळ्ळूरच्या 'महाराष्ट्र राज्य' फलकासाठी घराघरांत घुसून मारलेल्या काठ्या. हे कुठल्याही राष्ट्रीय पक्षाकडे नाही आणि तो ते आणूही शकत नाही.

आणि भाषेच्या या घरात जे राहतात त्यांचा विचार करा. माझ्याबरोबर शाळेत शिकलेली एक मैत्रीण मुसलमान आहे. घरात उर्दू, पण सातवीपर्यंत मराठी शाळेत होती, आजही माझ्याशी मराठीतच बोलते. खानापूर भागात ख्रिस्ती घरं आहेत. प्रचारात आपण फक्त एका धर्माचे जयघोष करू लागलो की ही माणसं गप्प उठून निघून जातात. कुणी भांडत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. माझी ती मैत्रीण पूर्वी चिठ्ठी घ्यायला आमच्या टेबलावर यायची आणि चहा घेऊन जायची. आता ती चिठ्ठी दुसऱ्या टेबलावरून घेते. तिला मी काय तोंडाने विचारू?

बाहेरचा माणूस नुसता मतं आणत नाही, माणसंही आणतो, आणि ती माणसं आमच्या जागी बसतात. कुठली निवडणूक आणि कोण उमेदवार ते सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. बरीच वर्षं झाली त्याला. आमच्या भागात काही मंडळींनी मिळून एका बाहेरच्या, खूप नाव असलेल्या माणसाला उभं केलं होतं. पहिल्या दिवशी त्याची पोरं आली, चांगली वागली, "मावशी तुम्ही बसा" म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून यादी त्यांच्याकडे, गाडी त्यांच्याकडे, पैसे कुणाला किती हेही त्यांच्याकडे. आमच्या गल्लीतल्या, आयुष्यभर फुकट राबलेल्या दोन म्हाताऱ्यांना त्यांनी प्रचारफेरीत मागे उभं राहायला सांगितलं, फोटोत म्हातारी माणसं बरी दिसत नाहीत म्हणून. मतदानादिवशी दुपारी दोननंतर त्यातलं एकही पोरगं केंद्राबाहेर नव्हतं. माणूस हरला. पुढच्या महिन्यात एका विधवा बाईच्या पेन्शनच्या कागदासाठी मी त्याला सात-आठ वेळा फोन केला, उचलला नाही. पुढच्या निवडणुकीला त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकजण घरातून बाहेरच पडला नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाला, "पोरी, आता तुमच्याकडं मोठी माणसं हाईत न्हवं." हरण्यापेक्षा मला हे जास्त लागलं. निवडणूक पाच वर्षांनी परत येते, तो परत आला नाही.

याचा अर्थ आतला माणूस म्हणजे सोनं, असं मी म्हणत नाही. २०१३ ला समितीच्या बळावर खानापूरचे आमदार झालेले अरविंद पाटील पुढे भाजपमध्ये गेले. ते काही बाहेरून आलेले नव्हते. २०१८ ला खानापुरात आपल्याच दोन उमेदवारांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि काँग्रेसच्या अंजली निंबाळकर निवडून आल्या. तिथे बाहेरच्याचा काही दोष नव्हता, दोष दोन्ही गटांच्या हट्टाचा होता आणि त्या हट्टात तुमच्यातले काहीजण होते. तेव्हा माझ्यासारख्या बायका दोन्हीकडच्या चिठ्ठ्या हातात घेऊन रडकुंडीला आल्या होत्या. आतल्यांनी घर मोडलं म्हणूनच बाहेरच्याला बोलवायची वेळ आली, हे आधी मान्य करा. मग बाहेरच्याबद्दल बोलू.

एक उदाहरण मात्र वेगळं आहे आणि ते मला धीर देतं. एप्रिल २०२१ ची लोकसभा पोटनिवडणूक. भाजपचे खासदार सुरेश अंगडी वारले होते, त्यांच्या पत्नी मंगला अंगडी भाजपकडून, सतीश जारकीहोळी काँग्रेसकडून. आपल्याकडून शुभम शेळके, विशीतला पोरगा. त्याच्यामागे पैसा नव्हता, घराणं नव्हतं. तो युवा समितीतून आला होता. १ लाख १७ हजारांवर मतं पडली, आणि अंगडी जिंकल्या फक्त ५,२४० मतांनी. तेव्हा दोन्ही राष्ट्रीय पक्षांना आपली दखल घ्यावी लागली. तोही गर्दीचाच चेहरा होता, त्यालाही शिट्ट्या पडत होत्या. फरक इतकाच की तो ज्या पोरांना घेऊन आला ती आपल्याच शाळांतून, आपल्याच मंडळांतून आलेली होती. पण पुढे त्या लाखभर मतांचं आपण काय केलं? त्या पोरांना गावोगावच्या कमिटीत घेतलं का? २०२४ ला त्याच मतदारसंघात आपल्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं आणि हुबळीहून आलेले जगदीश शेट्टर पावणेदोन लाखांच्या फरकाने निवडून गेले. तीन वर्षांत लाखभर माणसं कुठे गेली, याची एकही बैठक झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही. झाली असेल तर कळवा, माझे शब्द मागे घेते.

शेट्टरांचं नाव निघालं म्हणून सांगते. तेही बेळगावला बाहेरचेच होते, प्रचारात तसं बोललंही गेलं. तरी भाजपला त्यांचा त्रास झाला नाही, कारण खाली पक्षाची यंत्रणा होती आणि वर कमळ होतं. अथणीत लक्ष्मण सवदी २०२३ ला तिकीट नाकारल्यावर भाजप सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि मोठ्या फरकाने जिंकले, कारण अथणी त्यांचीच होती, ते मतदार बरोबर घेऊन गेले. निपाणीत त्याच वर्षी राष्ट्रवादीचे उत्तम पाटील दुसरे आले आणि काँग्रेस तिसरी, भाजपच्या शशिकला जोल्ले वहिनी निवडून आल्या. २०१३ ला येडियुरप्पांनी वेगळा पक्ष काढला, त्यांना स्वतःला सहाच जागा मिळाल्या, पण भाजप ४० वर आला आणि राज्य काँग्रेसकडे गेलं. लोकप्रिय माणूस संघटनेत येतो किंवा बाहेर पडतो तेव्हा कुणाचं तरी गणित बिघडतंच. ज्याची यंत्रणा मजबूत आहे तो ते सोसतो. आपल्याला सोसेल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता बायकांचं बोलते, कारण बैठकीत आमच्याबद्दल शेवटच्या पाच मिनिटांत बोललं जातं.

ऑगस्ट २०२३ पासून घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये येतात. योजना सुरू झाली तेव्हा ते मंत्रिखातं ग्रामीणच्या आमदार हेब्बाळकर यांच्याकडेच होतं. आमच्या गल्लीत पैसे कधी वेळेवर येतात, कधी दोन महिने अडकतात, पण येतात. यंत्रमाग बंद पडलेल्या घरात दोन हजारांचं मोल काय असतं ते मला सांगायला लावू नका. मग निवडणुकीला येणारा कुकर आहे, साडी आहे. या सगळ्यासमोर आपल्या उमेदवाराकडे काय आहे? भाषण. बाहेरचा मोठा माणूस आणला तर जास्त मोठं भाषण. मी बायकांना काय सांगू?

सांगण्यासारखं आहे, आपण ते करत नाही म्हणून सांगता येत नाही. गृहलक्ष्मीचा पैसा अडकला की येणारा कागद कानडीत असतो. उतारे, नोटिसा, वीजबिल, दवाखान्यातली पाटी, सगळं कानडीत. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथे त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, ही तरतूद कितीतरी जुनी आहे, आणि आपण तिच्यासाठी निवेदनं देतो, मोर्चे काढतो. ते करायलाच हवं. पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत त्या बाईचा कागद कोण वाचून देणार? मला कानडी वाचता येतं, शेजारच्या विणकर बायकांकडून शिकले, त्याची मला लाज नाही. संध्याकाळी माझ्या ओट्यावर चार-पाच बायका कागद घेऊन बसलेल्या असतात. त्यातल्या निम्म्या भाजपला मत देणाऱ्या घरातल्या आहेत. मी त्यांना कधी मत मागितलं नाही. पण त्यांच्या घरात समितीबद्दल वाईट बोललं जात नाही, हे मला माहीत आहे. प्रत्येक गल्लीत असा एक ओटा असता तर ६,१५५ माणसं फार दूर नव्हती.

हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाच्या जमिनी गेल्या तेव्हा शिवारात शेतकऱ्यांबरोबर आपली माणसं उभी राहिली. त्या शेतकऱ्यांच्या घरांत आजही आपला शब्द चालतो. तिथे चेहरा लागला नव्हता, रोज जावं लागलं होतं.

माझी मागणी साधी आहे. २०२८ चा उमेदवार कोण हे आत्ता ठरवू नका, पण तो कसा ठरणार हे आत्ताच ठरवा आणि लिहून जाहीर करा. बाहेरचा माणूस यायला तयार असेल तर जरूर घ्या, दार बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, दार बंद करण्याइतके आपण उरलेलो नाही. पण निवडणुकीच्या दीड-दोन वर्षं आधी घ्या. १ नोव्हेंबरला काळे कपडे घालून सायकल फेरीत त्याला आमच्याबरोबर चालू द्या, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर स्टेजशिवाय उभं राहू द्या, एखाद्या बंद पडायला आलेल्या मराठी शाळेसाठी पटसंख्या गोळा करत फिरू द्या. तेवढं केल्यावर तो बाहेरचा राहत नाही. आणि ज्याला हे दोन वर्षं जमत नाही, तो आमदार झाल्यावर पाच वर्षं आपल्याबरोबर राहील यावर मी का विश्वास ठेवू?

इच्छुकांकडून अर्ज घेता तेव्हाच आणखी एक सही घ्या, की नाव नाही आलं तरी मी उभा राहणार नाही आणि घरी बसणार नाही. कायद्यात तिची किंमत शून्य आहे हे मला कळतं. पण ती सही शाळेच्या फळ्यावर, देवळाच्या भिंतीवर लावा. गल्लीत माणसाला शब्द फिरवणं फार जड जातं.

उमेदवार कुणीही असो, यादी आणि टेबल गल्लीच्या हातात राहू द्या. त्याची पोरं येऊ देत, आम्ही त्यांना चहा देऊ, घरं दाखवू, शिकवू. पण मतदानादिवशी संध्याकाळी सहापर्यंत केंद्रात बसणारा एजंट आमच्यातला पाहिजे, किती मतं पडली त्याचा सतरा-सी कागद सही होऊन त्याच्याच हातात आला पाहिजे, आणि निकालानंतर तो कागद तुमच्याकडे जमा झाला पाहिजे. कुठल्या केंद्रावर एकूण किती मतदान झालं ते त्या कागदावर असतं, आपण कुठे किती कमी पडलो ते मतमोजणीचे केंद्रवार आकडे त्याच्या शेजारी ठेवले की कळतं. २०२३ चे असे कागद सगळे मिळून रंगुबाई पॅलेसमधल्या समितीच्या कचेरीत आहेत का? असतील तर मला बघायला मिळावेत, मी येऊन बसते, मला घाई नाही.

१९९६ ची लोकसभा निवडणूक माझ्या चांगली लक्षात आहे. बेळगावातून ४५६ उमेदवार उभे होते. मतपत्रिकेची चोपडी झाली होती. निवडून कुणी यायचं नव्हतं, दिल्लीला आपलं म्हणणं ऐकू जावं एवढ्यासाठी गावागावातली साधी माणसं पदरचे पैसे भरून उभी राहिली होती. आमच्या ओळखीच्या एका गवंड्याने अर्ज भरला होता. त्याला कुणी ओळखत नव्हतं, फोटो नव्हता. आज तसं करा असं मी म्हणत नाही, त्यानंतर डिपॉझिट ५०० वरून १०,००० झालं, आता २५,००० आहे, आणि आता आपल्याला विधानसभेत माणूस पाहिजे. पण उमेदवार म्हणून चार-पाचशे साधी माणसं उभी करू शकणारी हीच समिती होती, आणि आज एक माणूस शोधायला ती बाहेर बघते आहे.

२००४ पासून सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात घ्यायचा ठराव महाराष्ट्राच्या विधानसभेने डिसेंबर २०२२ ला केला. त्याचं काय व्हायचं ते होईल, माझ्या हयातीत होईल की नाही देव जाणे. तोवर विधानसभेत मराठीतून उभं राहून बोलणारा एक तरी आमदार असावा एवढंच मागणं आहे.

आमच्या गल्लीची वही मी गेल्या दिवाळीत पुन्हा लिहून काढली आहे. कोण वारलं, कोण पुण्याला गेलं, कुणाला अठरा पूर्ण होणार, कुणाचं नाव दुसऱ्या केंद्रावर गेलं, कुणाच्या घरी माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणी गेलेलं बरं, सगळं त्यात आहे. शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या बायकांनीही लिहायला घेतलं आहे. वही मी कुणा उमेदवाराला देणार नाही, समितीला देईन. बैठक कधी आहे ते कळवा. रविवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी चारनंतर येऊ शकते, रविवारी नातवाला शिकवायचं असतं.

आपली,
समितीची एक कार्यकर्ती
वडगाव, बेळगाव